सकाळी सोळा, दुपारी अठ्ठेचाळीस

कॉम्प्युटर आमच्या घरी आला तेव्हा तो ठेवण्याजोगी सपाट जागा घरात एकच होती, आणि तिच्यावर दोदोलाचं, म्हणजे नाताळच्या काळ्या गुळाच्या मिठाईचं, ताट निवत ठेवलं होतं. नाताळच्या आदल्या दिवसाची दुपार. बेंतूमामा, म्हणजे माझ्या मायचा धाकटा भाऊ, बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. कुठल्याशा बंदरात कुणाकडून तरी त्याने तो जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि शर्टात गुंडाळून वेंगुर्ल्यापर्यंत आणला होता. आजच्या पोरांना हसू येईल, पण तो सगळाच्या सगळा एका कीबोर्डमध्ये मावलेला होता. टीव्हीला वायर जोडायची, टेपरेकॉर्डरला दुसरी वायर जोडायची, की झाला तयार. मायने दोदोलाचं ताट उचलून दाण्याच्या पिंपावर ठेवलं, टेबल ओल्या फडक्याने पुसलं, मग सुक्या फडक्याने पुसलं, आणि मामाला म्हणाली, "ठेव हयसर. पण ह्यां खाता काय?" मामा म्हणाला, "वीज खाता. आणि ह्या तुझ्या चेडवाचा डोक्यां खातला." चेडू म्हणजे मुलगी, ती मी. दोन्ही खरं ठरलं.

माझे वडील गोव्यात ट्रॉलरवर कामाला होते. महिन्यातून दोनदा घरी येत, झोपत आणि परत जात. म्हणजे घरात आम्ही दोघीच, मी आणि माय. माय सातवीपर्यंत शिकलेली. काजूच्या फॅक्टरीत ती आधी फोडणीला, म्हणजे बिया फोडायला, होती, नंतर सोलणीला लागली. फोडणीच्या दिवसांत हाताला तेल आणि राख लावून बसायच्या सगळ्याजणी, नाहीतर काजूच्या सालीतला डीक, म्हणजे चीक, कातडी जाळतो. मायच्या तळहातांवर ते काळे डाग कायमचे राहिले. पण त्याच हातांना सोलणीत तोड नव्हती. बोटभर लांबीची, पाठीकडून वाकलेली एक सुरी होती तिची. त्या सुरीच्या टोकाने ती गरावरची तांबडी साल अशी उकलायची की गर अख्खा हातात यायचा. जोर लावायची नाही. एका बाजूने जरासं, मग फिरवून दुसऱ्या बाजूने जरासं. मी तिच्यासारखं करायला जायची आणि माझ्या हातून दर तिसऱ्या गराचे दोन तुकडे व्हायचे. ते तुकडे मी खाऊन टाकायची, म्हणजे पुरावा राहायचा नाही. तिला कळायचंच.

मामाने तासाभरात जेवढं शिकवता येईल तेवढं शिकवलं, एक पुस्तक दिलं आणि तो म्हापशाला आपल्या घरी निघून गेला. मग आमची खरी लढाई सुरू झाली ती टेपशी. त्या यंत्राला स्वतःची आठवण नव्हती. वीज गेली की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं, आणि आमच्याकडे वीज काय, मांजर शिंकलं तरी जायची. म्हणून लिहिलेलं सगळं कॅसेटवर उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट वाजवून परत यंत्राला ऐकवायचं. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. आधी एक लांबच लांब शिट्टी, आणि मग तापल्या तव्यावर पाणी पडत राहावं तशी करकर, सात-सात मिनिटं. शेवटच्या मिनिटाला यंत्र म्हणायचं, चूक आहे, पुन्हा वाजव. मी रडकुंडीला यायची. आवाजाचं बटण वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं, कॅसेट बदलली, देवाला मेणबत्ती बोलले. एकदा माय चुलीपाशी पेज ढवळत होती. ती म्हणाली, "गो फिलू, ह्यां नाकात गाता."

माय चर्चच्या गायनात वरच्या पट्टीत गायची. कुणाचा सूर लागला आणि कुणाचा नाही हे तिला पाठ फिरवूनही कळायचं. तिचं म्हणणं, मामा असताना ही शिट्टी मोकळी होती, आता तिला सर्दी झाली आहे. मी म्हटलं, "माय, ता मशीन आसा, माणूस न्हय." तिने पळी बाजूला ठेवली, टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि जिथे टेप घासत जाते त्या लोखंडी डोक्याशेजारी एक बारीक स्क्रू आहे तो तिला दिसला. मामाच्या छोट्या पेचकसाने तो तिने केसभर फिरवला. शिट्टी आणखी बसली. उलटीकडे फिरवला, तर शिट्टी अशी खणखणीत उघडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "हां. आता घशातून गाता," ती म्हणाली आणि पेज करपते म्हणून पळाली. पहिल्या खेपेला सगळं लोड झालं. पुढे मी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करून पोट भरलं, चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांबरोबर काम केलं, पण त्या दिवशी तिने जे केलं त्याला मी अजून मानते. ऐकून दोष सांगणं सोपं नाही. आणि सांगून लगेच पेजेकडे पळणं तर मला कधीच जमलेलं नाही.

मी त्यावर लिहीत होते भरती-ओहोटीचा प्रोग्राम. आमच्याकडे कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. मला वाटलं, वर्षभराच्या सगळ्या तिथ्या यंत्रात घालाव्यात, तारीख दाबली की पडद्यावर आमची जेटी दिसावी, पाणी चढावं, होडी वर यावी. मामाला हे पत्रातून कळवलं, तर त्याला ते फारच आवडलं. पण मी लिहायचे ऐसपैस. ऑगस्टच्या तिथ्यांपर्यंत आले आणि यंत्राने सांगितलं, मेमरी संपली. त्याच्या पोटात सोळा हजार अक्षरं मावत होती, आणि मला लागत होती त्याच्या दुपटीहून जास्त. मामाने उलट टपाली लिहिलं की मेमरी वाढवता येते, आत आठ रिकाम्या जागा ठेवलेल्या आहेत, आठ चिप पाठवतो, बसवून घे. आणि त्याच पत्राच्या खाली त्याने एक अट लिहिली. नाताळच्या सकाळी चर्चची मिस्सा झाल्यावर तासभर येईन, दुपारी मला निघायचं आहे, मग दहा महिने बोटीवर. त्या तासात तुझी भरती मला दाखव. दाखवलीस तर दहावीनंतर तू म्हापशाला आमच्याकडे राहून डिप्लोमा कर, फी माझी. नाही जमलं तर मशीन मी परत नेईन, उगाच धूळ खात नको.

दहावीनंतर माझ्यासाठी दुसरा काय रस्ता होता तो मला रोज दिसत होता. मायच्या शेजारी सोलणीला एक जागा पुढच्या उन्हाळ्यात रिकामी होणार होती. त्या कामात कमीपणा नाही, हे मी आज म्हणते. तेव्हा मला त्या जागेची धडकी भरली होती. आणि मायलाही भरली होती, हे तिने पत्र वाचून घडी घातली त्यावरून मला समजलं. तिने ते पत्र सांत आंतोनच्या तसबिरीमागे ठेवलं.

मेच्या अखेरीला मामाच्या ओळखीचा एक खलाशी डबी घेऊन आला. आत काळ्या फोमात टोचलेल्या आठ चिप. काळी पाठ, दोन्ही बाजूंना आठ-आठ चंदेरी पाय. माय म्हणाली, "हे तर किडे." तेव्हापासून घरात त्यांचं नाव किडेच पडलं. मी त्या घेऊन बाजारात तात्यांकडे धावले. तात्या म्हणजे आमच्या गावचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारे, मोठे नेमाचे गृहस्थ. त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय माझे, पावसात मी मशीन उघडूचंय नाय. आत दमट हवा शिरली की गेला. दसरो होऊ दे." मी हात जोडले, तरी ते हलले नाहीत. झालं, चार महिने थांबणं आलं.

पावसाळ्याआधी मायची एक मोठी आवराआवर असायची. खारी मासळी, आमसुलं, भेंडीचं बी, आगपेट्या, सगळं डब्यांत भरून चुलीवरच्या फळीवर जायचं, म्हणजे धुराच्या उबेने कोरडं राहायचं. विळी, कोयता, वडिलांचे गळ, शिवणयंत्राची सुई, कात्री, सगळं पुसून ठेवणीला जायचं. किड्यांची डबीही मी तिच्या हवाली केली आणि म्हटलं, "माय, हेंका जप. हेंका गंज लागलो तर मी मेलंय." ती म्हणाली, "माझ्याकडे दिलंस मां? मगे सोड चिंता." आणि मी सोडली. तिच्याकडे दिलेली वस्तू बिघडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी मशीन उघडलं आणि आठही चिप आपापल्या जागेत दाबून बसवल्या. यंत्राला किती मेमरी आहे हे विचारायची एक ओळ होती, ती मी टाइप केली. पडद्यावर आलं, अठ्ठेचाळीस. तात्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून मला दिली. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी घामाघूम होऊन तिथ्या भरत राहिले. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर भरून झाले, मग जेटी काढली, होडी काढली. होडीला शीड द्यावं की इंजिन यावर वडिलांशी भांडले. कॅसेटवर सगळं उतरवलं, मायने कान देऊन पास केलं. नाताळला अजून तीन आठवडे होते आणि मी मनाने म्हापशाला पोचलेसुद्धा.

मग एका सकाळी शाळेआधी मशीन लावलं, तर प्रोग्राम लोडच होईना. मेमरी विचारली. सोळा. बंद केलं, परत लावलं. सोळा. शाळेत दिवसभर लक्ष नव्हतं. दुपारी मशीन पिशवीत घालून तात्यांकडे नेलं, लावलं, अठ्ठेचाळीस! तात्या माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या सकाळी घरी सोळा. दुपारी दुकानात अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशीही तेच. तात्यांनी वीज तपासली, वायर बदलली, आमच्या घरी येऊन प्लग पाहिला. एका चिपमध्ये खोट असेल म्हणाले, पण कुठल्या? ह्या आठ चिप म्हणजे होडी उचलणारे आठ जण. प्रत्येक अक्षराचा आठवा हिस्सा एकेकीच्या खांद्यावर. एकीने खांदा काढला की होडी वाळूत. शेवटी तात्या कंटाळून म्हणाले, "बाय, तुझा मशीन सकाळी उठाक आळस करता. मामाक सांग, दुपारी ये." पण मामा दुपारी निघणार होता. त्याला सकाळचाच एक तास होता.

नाताळच्या आदल्या दिवशी थंडी चांगलीच पडली होती. आमच्याकडची थंडी ती काय, सावंतवाडीचे लोकसुद्धा तिला हसतात, पण सकाळी अंगावर चादर घेऊन बसावं लागत होतं. सोळा बघून मी टेबलावर डोकं टेकलं होतं. मायने सणाची म्हणून मला न्हाऊ घालायचं ठरवलं होतं. डोक्याला लावायला तिने खोबरेलाची बाटली उलटी केली, तर तेल पांढरं गोठलेलं. थेंब येईना. तिने बाटली चुलीपाशी शेकायला धरली आणि तशीच थांबली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फिलू, तुझा मशीन दुपारी चलता मां?"

"किती वेळा सांगू तुका!"

"आणि सकाळी नाय."

"माय, डोक्यां खाव नको."

"ह्यां तेल पण तसांच," ती म्हणाली. बाटलीतलं तेल कडेने सुटायला लागलं होतं, तिकडे बघतच ती पुढे बोलली, "त्या किड्यांच्या पायांक मियां ह्यांच तेल लायलंय. पावसाच्या आधी. विळयेक लायलंय तेव्हा. तू म्हटलंस गंज लागात, म्हणान."

मला आधी समजलंच नाही. मग एकदम समजलं. एकेका पायाला, बोटाने, मायेने तिने तेल चोळलं होतं. गरम हवेत ते तेल पातळ होऊन दबून बाजूला व्हायचं आणि पाय सॉकेटला टेकायचे. थंडीत ते गोठून मध्येच बसायचं. तीन आठवडे तात्या आणि मी ज्याच्यामागे डोकं फोडत होतो ते एका गोठलेल्या बाटलीकडे बघून तिने सांगून टाकलं होतं. गप्प राहिली असती तर जन्मात कुणाला कळलं नसतं. हे सगळं मी आज म्हणते आहे. त्या सकाळी मी काय म्हणाले ते लिहायला मला लाज वाटते, पण ते लिहायचं नसेल तर हे प्रकरण लिहून उपयोग नाही. मी किंचाळले, "अडाणी ती अडाणी! माझ्या वस्तूंक परत हात लावू नको!"

मायने बाटली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती पेट्रोमॅक्स पेटवायच्या स्पिरिटची बाटली, कापूस आणि आपली सोलणीची सुरी घेऊन परत आली. टेबलावर पांढरा धुतलेला कपडा अंथरला. "खोल," म्हणाली. मी मुसमुसत स्क्रू काढले. तात्यांनी चिप काढून बघायचं टाळलं होतं त्याला कारण होतं, ओढून काढताना पाय वाकतात आणि वाकलेला पाय सरळ करताना मोडतो. मायने खाली वाकून एकदाच नीट पाहून घेतलं. मग सुरीचं टोक चिपच्या एका बाजूखाली घालून जरासं उचललं. फिरून दुसऱ्या बाजूने जरासं. पुन्हा पहिल्या. चिप अलगद सुटून तिच्या बोटांत आली, सोळाच्या सोळा पाय सरळ. अख्खा गर.

आठही तिने काढल्या आणि कपड्यावर ओळीने मांडल्या, ज्या जागची तिथेच परत जाईल अशा. मग एकेक पाय स्पिरिटच्या कापसाने पुसायला बसली. आठ सोळे एकशे अठ्ठावीस पाय. धुराची काजळी आणि तेल मिळून कापूस काळा होत होता. सॉकेटमध्ये कापूस जाईना, तेव्हा तिने माझ्या शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून, स्पिरिटमध्ये बुडवून ती आत फिरवली. शेजारून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्याचा वास येत होता आणि आमच्या घरी सणाचं काहीच झालेलं नव्हतं. दुपार झाली तरी ती उठली नाही. मी मदतीला हात पुढे केला तर तिने एक चिप माझ्यासमोर सरकवली, पण कसं करायचं ते सांगितलं नाही. मी तिचं बघून केलं. त्या दुपारी मी जे शिकले त्याच्यावर मी तीस वर्षं नोकरी केली.

नाताळच्या सकाळी मिस्साहून आलो तेव्हा पायाला फरशी गार लागत होती. खोबरेल बाटलीत दगडासारखं होतं, मी मुद्दाम बघितलं. मामा नव्या सुटात येऊन बसला. मी मेमरी विचारली. अठ्ठेचाळीस. कॅसेट सुरू झाली, शिट्टी घशातून गायला लागली. सात मिनिटं करकर चालली. मग पडद्यावर आमची जेटी आली. मी त्या दिवसाची तारीख दाबली, पाणी चढलं आणि होडी वर आली. मामाने घड्याळ पाहिलं, बोटांवर तिथीची पाऊणपट केली आणि खो खो हसला. "बरोबर गो! पण माका म्हापशाच्या बाजारात तात्यांचो भाचो भेटलो, तो सांगी होतो मशीन बिघडलां म्हणान. सुधारला कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून मायचा आवाज आला, "चेडवान. आणि कोण सुधारतला?"

मी गप्प राहिले. खरं सांगितलं असतं तरी मामाने मला नेलं असतं, असं मला आज वाटतं. तेव्हा ती भीती मोठी होती, आणि मला गप्प राहणं सोयीचं होतं. जूनमध्ये मी म्हापशाला गेले.

मायने माझ्यावर कधी राग धरला नाही. पत्रं लिहायची, आमसुलं पाठवायची, माझ्या लग्नात वरच्या पट्टीत गायली. फक्त एक झालं. माझी पर्स असो, माझ्या मुलीचं झबलं असो, माझा फोन असो, कशालाही हात लावायच्या आधी ती थांबते आणि विचारते, "हात लावू मां गो?" बोलण्यात टोमणा नसतो. तिला तशी सवयच झाली आहे. इतकी वर्षं तो प्रश्न ऐकला की मी "लाव गो, विचारतंस काय" म्हणून वेळ मारून नेत आले.

मागच्या डिसेंबरात वेंगुर्ल्याला गेले होते. माय आता ऐंशीच्या पुढे आहे, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्याहून चांगलं दिसतं. माझ्या मुलीला ते मशीन चालू बघायचं होतं. कपाटातून काढून लावलं, तर पडद्यावर नुसत्या चौकटी. उघडलं, खाऱ्या हवेने चिपचे पाय काळे पडलेले. मी चष्मा वर-खाली केला, दोनदा सुरी लावली आणि दोन्ही वेळा पाय वाकायला लागले. सुरी मी मायपुढे धरली. तिने हात पदराला पुसले आणि विचारलं, "हात लावू मां गो?"

मी म्हटलं, "माय, त्या नाताळाक मशीन तुया सुधारलेला. मामाक मी सांगूक नाय. आणि तुका अडाणी म्हटलंय, ता..." मी तिचा हात धरला.

तिने तो सोडवून घेतला. सुरीचं टोक पहिल्या चिपखाली गेलं होतं, एका बाजूने जरासं, मग फिरवून दुसऱ्या बाजूने. वर न बघता ती म्हणाली, "तू आता हात लावू नको. पाय वाकतले."

मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले आणि बघत राहिले.